लग्नाचा पोशाख आणि दोन इंचांचा हिशेब

भोपाळ स्थानकाच्या पूर्वेस, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या वाटेवर, अशोका गार्डन नावाची वस्ती आहे. नाव बागेचे असले तरी डोळ्यांत भरतात ती घरे आणि दुकानेच. लग्नसराईच्या दिवसांत संध्याकाळच्या वेळी तेथील ऐंशी फुटी रस्त्याने कोणी सहज फेरी मारली, तर शिंप्याच्या दुकानापुढे पुढील देखावा त्याला बहुधा पाहावयास मिळेल. एक आई आहे, शेजारी लग्न ठरलेली मुलगी आहे, दोघींच्या मध्ये एक भली मोठी पिशवी आहे आणि पिशवीतून बाहेर काढलेला, जरीच्या कामाने जड झालेला लेहंगा शिंप्याच्या मेजावर पसरला आहे.

"मास्टरजी, अवघे दोन इंच तर कमी करायचे आहेत. त्याचे एवढे पैसे?"

"इंच दोनच आहेत भाभीजी, पण घेर केवढा आहे तो तर पाहा."

या दोन वाक्यांत साऱ्या वादाचे मूळ आहे. आई लांबी मोजते आणि शिंपी घेर मोजतो. दोघांचीही मोजपट्टी खरीच असते. तरीही वाद होतो, चार शब्द अधिकउणे बोलले जातात आणि लग्न आठ दिवसांवर आलेले असल्यामुळे शेवटी आई मुकाट्याने पैसे मोजते. घरी जाताना मात्र आपण लुबाडलो गेलो असे तिला वाटत राहते. ती खरोखरच लुबाडली गेली काय, हा प्रश्न थोडा शांतपणे तपासून पाहण्यासारखा आहे.

अशा घरांत मराठी घरेही थोडी नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन भोपाळ ही मध्य प्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीहून, म्हणजे नागपुराहून, सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्याच साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीच्या कारखान्याने, ज्याला आज सारे शहर 'भेल' म्हणून ओळखते, आणखी कितीतरी प्रांतांतील माणसे गोविंदपुऱ्याच्या बाजूस आणून वसविली. त्यांच्या नातवंडांच्या लग्नांत आता दोन पोशाख एकाच पेटीत नांदताना दिसतात. मुहूर्ताला आईचा किंवा आजीचा शालू, आणि संध्याकाळच्या स्वागतसमारंभाला चौकातून अथवा बैरागढच्या कापडबाजारातून आणलेला लेहंगा. एक नेसावयाचा पोशाख, दुसरा घालावयाचा. दुरुस्तीच्या खर्चाचे सारे गणित या दोन क्रियापदांत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. नेसावयाचे वस्त्र अंगाप्रमाणे बदलते. घालावयाच्या वस्त्राला मात्र शिंपी बदलतो, आणि शिंप्याला त्याचे दाम द्यावे लागतात.

प्रथम लेहंग्याचेच उदाहरण घेऊ. समजा, त्याची लांबी ४० इंच आहे, कंबर ३० इंच आहे आणि खालचा घेर ४ मीटर आहे. त्यातून दोन इंच कमी करावयाचे म्हणजे आईच्या दृष्टीने विसावा हिस्सा. परंतु लेहंगा एकेरी नसतो. वरचे कापड, त्याखाली अस्तर, आणि घेर फुलून राहावा म्हणून आत जाळीचा थर, ज्याला बाजारात कॅनकॅन म्हणतात. तीन थरांचा ४ मीटर घेर म्हणजे १२ मीटर शिवण आधी उसवावयाची आणि मग १२ मीटर शिवण नव्याने घालावयाची. दोन इंचांपायी चोवीस मीटरांचा प्रवास होतो, आणि तो जरीच्या काट्यांतून.

बरे, खालून कापून टाकावे तर तेथे काठ असतो. लेहंग्याची सारी शोभा त्या काठात असल्यामुळे तो कापणे शक्य नसते. तो संपूर्ण उसवून, वर उचलून, पुन्हा बसवावा लागतो. येथे एक मौजेची अडचण उभी राहते. लेहंगा वर निमुळता असतो. बारा कळ्यांचा असा लेहंगा दोन इंच वर सरकला की, त्या ठिकाणचा घेर मूळ घेरापेक्षा सुमारे सहा इंचांनी लहान भरतो. मग काठ सहा इंच अधिक होतो. हे सहा इंच कोठे दडवावयाचे? काठावर मोर आणि वेल असतील, तर सांध्यावर अर्धा मोर येऊन चालत नाही. पूर्ण आवर्तने शिवणीत बसतील असा हिशेब शिंप्याला करावा लागतो.

काठाला हात न लावता वरून, म्हणजे कंबरेकडून, दोन इंच काढावेत असा मार्ग अनुभवी शिंपी सुचवितो, आणि पुष्कळदा तोच बरा असतो. तथापि तेथेही निमुळतेपणा आडवा येतो. वरचे दोन इंच गेले म्हणजे ३० इंचांची कंबर ३६ इंचांहून थोडी अधिक होते. प्रत्येक कळी अर्ध्या इंचाहून किंचित जास्त रुंद भरते आणि तेवढा भाग बाराही शिवणींत दाबून घ्यावा लागतो. लेहंगा कळ्यांचा नसून पूर्ण वर्तुळाचा असेल, तर शाळेत शिकलेला परिघाचा नियम येथे प्रत्यक्ष भेटतो: त्रिज्या एक इंच वाढली की परीघ सव्वासहा इंच वाढतो, म्हणजे दोन इंचांस साडेबारा. शाळेत या नियमाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलींना शिंप्याच्या दुकानात अर्धा तास बसवावे.

हे झाले साध्या कापडाचे. लग्नाच्या लेहंग्यावर जरदोजीचे काम असते, आणि भोपाळात तर त्या कामाला जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या चतुर्थकात या संस्थानाची गादी बहुतेक काळ बेगमांकडे होती. त्यांच्या आश्रयाने जरीचे भरतकाम येथे रुजले. जरीने भरलेला भोपाळी बटवा अजूनही पाहुण्यांना भेट म्हणून दिला जातो. चौकाच्या आसपासच्या जुन्या मोहल्ल्यांत लाकडी चौकटीवर, जिला कारागीर अड्डा म्हणतात, कापड ताणून बसविलेले असते आणि दोन्ही बाजूंस मांडी घालून कारागीर आरी नावाची बारीक आकड्याची सुई चालवीत असतात. हे काम कापड सपाट असतानाच होते. कळ्या आधी भरल्या जातात आणि मग जोडल्या जातात. त्यामुळे नक्षीच्या कडा शिवणीच्या अगदी लगत येऊन थांबतात. शिवण अर्धा इंच आत घ्यावयाची म्हटली की ती नक्षीवरूनच जाते.

आता यंत्राची सुई डबक्यावरून किंवा काचेच्या नळीवरून गेली तर ती मोडते. म्हणून नव्या शिवणीच्या वाटेवरील दाणे, सितारे आणि तारेची वेटोळी एक एक करून हाताने उतरवावी लागतात. आरीचा टाका साखळीचा असतो. साखळीचा टाका एका टोकाने सुटला की ओढल्यासरशी पुढे उसवत जातो. कापलेल्या कडेवर तो वेळीच गाठ मारून थोपविला नाही, तर लग्नमंडपात पायरी चढता चढता वेलीचे एखादे पान नाहीसे होते. शिवण घालून झाल्यावर सांध्यावर उघडी पडलेली जागा पुन्हा हाताने भरावी लागते. हे शेवटचे काम शिंप्याचे नसून भरतकाम करणाऱ्याचे असते. शिंपी ते दुसऱ्याकडे पाठवितो आणि त्याची मजुरी वेगळी पडते.

ही गोष्ट रुपयांत कशी दिसते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. कारागिराचा रोज ८०० रुपये धरला आणि उसवण्यास अर्धा दिवस, दाणे उतरविण्यास अर्धा, शिवण्यास अर्धा आणि नक्षी पुन्हा बसविण्यास एक दिवस धरला, तर अडीच दिवसांचे २००० रुपये होतात. यात दुकानाचे भाडे नाही, वीज नाही, आणि एका गोष्टीचा तर मुळीच समावेश नाही. ती गोष्ट म्हणजे जोखीम. पन्नास-साठ हजारांचा पोशाख मेजावर असताना इस्त्री जरा अधिक तापली किंवा कात्री तिरपी गेली, तर शिंप्याची महिन्याची कमाई त्यात बुडते. नवे शिवताना चूक झाली तर कापड पुन्हा आणता येते, पण अशा दुरुस्तीत चुकीला जागाच नसते. म्हणूनच कित्येक चांगले शिंपी दुसऱ्याने शिवलेला लग्नाचा पोशाख हाती घेण्यास नाखूश असतात, आणि घेतलाच तर नव्या शिलाईच्या बरोबरीने पैसे मागतात. ग्राहकाला हे अन्यायाचे वाटते. वास्तविक उसवून शिवणे हे शिवण्याहून कठीण काम आहे, हे ज्या गृहिणीने जुन्या चादरीची उशी केली असेल तिला समजावून सांगावे लागू नये.

लेहंग्याकडून चोळीकडे, म्हणजे आजच्या भाषेत ब्लाउजकडे, आले की खर्च एकदम खाली येतो. निदान यावयास हवा. त्याचे कारण मराठी शिवणकामातील एका सुंदर शब्दात दडलेले आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. शिंप्याने माया ठेवली आहे काय, असे आजी विचारीत असे, ते काही उगाच नव्हे. आपल्याकडचा चांगला शिंपी ब्लाउजच्या दोन्ही कुशींत इंच-दीड इंच माया ठेवतो आणि एकीला समांतर अशा दोन-तीन शिवणी घालतो. अंग भरले की आतली एक शिवण उसवावी. एवढे काम घरी ब्लेडनेही होते, आणि पैसा लागत नाही. छातीत दोन इंच वाढवावयाचे असतील, तर दोन कुशींना प्रत्येकी पुढचा आणि मागचा असे मिळून चार पदर असतात. प्रत्येक पदरातून अर्धा इंच सोडला की दोन इंच मिळतात. अर्थात अर्ध्या इंचाहून अधिक माया तेथे असावयास हवी, कारण नवी शिवण धरून राहण्यास थोडे कापड मागे उरले पाहिजे.

तयार कपड्यांच्या कारखान्यात ही माया परवडत नाही. हजारो कपडे कापले जात असताना प्रत्येक कुशीतील एक इंच वाचविला की थानेच्या थाने वाचतात. म्हणून तेथे शिवणीची कडा यंत्राने छाटून लगेच गोफून टाकतात. असा तयार ब्लाउज एक इंचही सैल होत नाही. त्याला सैल करावयाचे म्हणजे कापड जोडावयाचे, आणि मग जोड दिसू नये म्हणून काखेत चौकोनी तुकडा किंवा पाठीला नाडीबंद घालावयाचा. जी कपात कारखान्याने केली तिचे दाम शेवटी अशोका गार्डनमधल्या आईने द्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. तयार ब्लाउज विकत घेताना तो उलटा करून आतली शिवण पाहणारी बाई शेकड्यात एखादीच आढळेल, पण ती एखादी बाई पुढे पुष्कळ पैसे वाचविते.

नाडीचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे, की आपली जुनी खणाची चोळी या बाबतीत फार शहाणी होती. तिला पुढे गाठ असे, बटणे नसत, आकडे नसत. गाठ सैल केली की बाळंतपणानंतरही तीच चोळी चालत असे. आज पाठीवर नाडी आणि लोंबते गोंडे ही नवी टूम म्हणून दाखविली जाते, तेव्हा दुकानदाराला कल्पनाही नसते की ही युक्ती त्याच्या पणजीला ठाऊक होती. तरीही युक्ती चांगली आहे. पाठीची चेन काढून तेथे नाडीचे फासे लावले, तर दोन-तीन इंचांचा फरक कमी खर्चात भरून निघतो.

आता आईच्या शालूकडे वळू. शालूला दुरुस्ती नाही. साडेपाच मीटर कापड आजी नेसली, आई नेसली, मुलगीही नेसेल. उंची कमी असेल तर कंबरेशी अधिक खोचील, एवढेच. नवा फॉल लावणे आणि पदराचे सुटलेले धागे गोंड्यांत बांधणे, इतकाच त्याचा खर्च. प्रश्न येतो तो आईच्या ब्लाउजचा. पंचवीस वर्षांपूर्वी शालूबरोबरच्या कापडात शिवलेला तो ब्लाउज मुलीला एक तर होत नाही, किंवा फारच सैल होतो. माया असली तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: जुन्या रेशमावर सुईची भोके राहतात, आणि घडीत दबलेल्या मायेचा रंग बाहेरच्या उडालेल्या रंगाशी जुळत नाही. कुशीत हाताखाली ते दिसत नाही. पाठीवर दिसते. माया नसेल तर शालूच्या आतल्या टोकाचा, जो पहिल्या वेढ्यात खोचला जाऊन कधीच दिसत नाही तो, वीतभर भाग काढून काखेतले तुकडे करता येतात. जुन्या बाया हे करीत. मात्र हे काम शालू पाहून छाती दडपणार नाही अशा शिंप्याकडेच द्यावे.

पैठणी किंवा शालू कापून 'शिवलेली नऊवारी' करून घेण्याची चाल अलीकडे वाढली आहे. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास, कापड कापून तिचा काष्टा कायमचा शिवून टाकावयाचा आणि ती परकरासारखी चढवावयाची. ज्यांना नेसता येत नाही त्यांची ती सोय आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु कोणत्याही अंगाला बसणारे वस्त्र एका अंगापुरते करून टाकणे आणि वर त्याची शिलाई देणे, हा सौदा तोट्याचा आहे. साध्या कापडाची नऊवारी खुशाल शिवावी. वाडवडिलांच्या पैठणीला कात्री लावण्यापूर्वी नेसविणारी एखादी आत्या शोधावी, ते स्वस्त पडते.

भोपाळात ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. तेथील मुलीच्या लग्नात पांढरा झगा आला की गणित पुन्हा बदलते. पांढऱ्या झग्याचा प्रघात जगभर पसरला तो इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीमुळे. १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या आपल्या लग्नात तिने पांढरे सॅटिन आणि हॉनिटनची हाताने विणलेली लेस वापरली. ती लेस तिने पुढे कौटुंबिक प्रसंगी पुन्हा पुन्हा वापरली आणि १८८५ मध्ये धाकट्या मुलीच्या, बिएट्रिसच्या, लग्नात तिला वापरावयास दिली. राणीलाही लग्नाचा पोशाख एकदाच वापरून ठेवून देणे परवडत नसावे, किंवा आवडत नसावे. त्याच घराण्यात १७ जुलै २०२० रोजी झालेल्या लग्नात दुसऱ्या एका बिएट्रिसने आपल्या आजीचा, एलिझाबेथ राणीचा, जुना झगा घातला. शिवणाऱ्यांनी त्याला ऑर्गन्झाच्या आखूड बाह्या जोडून तिच्या अंगाला बसेल असा केला. बाहीसारखा भाग जोडला तर तो नंतर उसवून काढता येतो. कापलेला भाग परत जोडता येत नाही. मौल्यवान पोशाखाचा प्रश्न आला की जाणते शिंपी नेहमी पहिल्या मार्गाचाच विचार आधी करतात.

झग्याचा खर्च लेसमध्ये असतो. खालच्या कडेला नागमोडी लेस असेल तर तो सरळ कापून आखूड करता येत नाही. लेस टाक्याटाक्याने सोडवून वर लावावी लागते. अंगाच्या भागात आकार धरून ठेवणाऱ्या काड्या असतात, त्या काढून, लहान करून, परत घालाव्या लागतात. मागे लोळणारा घोळ जेवणाच्या वेळी उचलून धरता यावा म्हणून आत आकडे आणि फासे लावणे हे काम मात्र स्वस्त आहे, आणि नेमके तेच लोक करून घेत नाहीत. मग संध्याकाळभर दोन करवल्या घोळ उचलून मागे मागे हिंडतात.

'फिटिंग मोफत' ही पाटी मोठ्या दुकानांत पुष्कळदा दिसते. ती खोटी नसते, पण तिचा अर्थ नीट विचारून घ्यावा. अर्धवट शिवलेल्या, ज्याला बाजारात सेमी-स्टिच्ड म्हणतात अशा, लेहंग्याची एक बाजू उघडी ठेवलेली असते आणि कंबरेची पट्टी लावावयाची असते. ती बाजू शिवून देणे म्हणजे त्या पाटीतले फिटिंग. काठ उचलणे, बाही लावणे, ब्लाउजचे कापड शिवणे हे पाटीच्या बाहेरचे. भाड्याच्या पोशाखाची गोष्ट आणखी निराळी. त्यात कात्री चालतच नाही. कच्चे टाके घालून तो आवळावयाचा आणि परत करताना टाके काढून द्यावयाचे. जड रेशमात कच्च्या टाक्यांचीही भोके उरतात, आणि ती अनामतीतून वळती होतात. तेव्हा टाके दुकानदारालाच घालावयास सांगावे आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे.

काळाचाही भाव असतो. देवउठनी एकादशीला, म्हणजे आपल्या तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, चातुर्मास संपतो आणि चार महिने थांबलेले मुहूर्त एकदम सुटतात. अक्षय्य तृतीयेला तर मध्य प्रदेशात लग्नांची झुंबड उडते. ख्रिस्ती कुटुंबे उपवासकाळात लग्ने टाळतात, म्हणून त्यांचीही गर्दी नाताळनंतरच्या आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यांत होते. या दिवसांत कारागीर रात्रपाळी करतात आणि तातडीचा दर वेगळा लागतो. तो दर शिंप्याचा लोभ म्हणून पुष्कळजण नाके मुरडतात. पण रात्री बारा वाजता आरी चालविणाऱ्याचे डोळे दिवसाच्याच भावाने वापरावेत, अशी अपेक्षाही योग्य नव्हे.

याच तातडीच्या पोटी एक अधिक गंभीर गोष्ट घडते. पोशाख आधी आणलेला असतो, मुलगी त्यात मावत नाही, दुरुस्तीचा आकडा ऐकून घरात कुरकुर सुरू होते, आणि मग कोणी मावशी, कोणी काकू सुचविते: "महिनाभर रात्रीचे जेवण सोड, म्हणजे बसेल." मुलगीही लाजेने होकार देते. लग्नाच्या आधीच्या महिन्यात जागरणे, धावपळ आणि मनावरचा ताण आधीच असतो, त्यात ही उपासमार. ऐन विधीच्या वेळी चक्कर येऊन खाली बसलेल्या नवऱ्या मुली पुष्कळांनी पाहिल्या असतील. कापडाचे दोन इंच वाढविणे महाग पडते, म्हणून मुलीचे दोन इंच कमी करावयाचे, हा हिशेब कोणत्या घरात पटावा? आणि बहुधा असेही होते की महिन्याअखेर वजन उतरते ते दंडावर आणि गालांवर, कंबर आहे तेथेच राहते, आणि पोशाख दोन ठिकाणी दुरुस्त करावा लागतो.

त्यापेक्षा खरेदीच्या दिवशीच थोडे चौकसपणे वागावे. दोन मापांच्या मधले अंग असेल तर मोठे माप घ्यावे, कारण आवळणे हे सैल करण्याहून नेहमी सोपे असते. लेहंगा ठरविण्यापूर्वी काठ जोडलेला आहे की कापडावरच भरलेला आहे, ते पाहावे. कापडावरच भरलेला असेल तर तो खालून आखूड होणारच नाही, हे गृहीत धरावे. कंबरेजवळ वीतभर कापड साधे असेल, तर वरून दोन इंच काढणे फारसे महाग पडत नाही. शिंप्याकडे एकूण आकडा विचारू नये. काठ, अस्तर, जाळी आणि भरतकाम यांचे वेगवेगळे पैसे विचारावेत. मग एखादे काम टाळताही येते. जाळी, उदाहरणार्थ, कडेला न शिवता नुसती छाटली तरी चालते.

मापे देताना ज्या चपला लग्नात घालावयाच्या त्याच पायात असाव्यात. सपाट चपलांत माप देऊन लग्नात टाच चढविली, की दोन इंचांसाठी दिलेले सारे पैसे पाण्यात जातात आणि घोटे उघडे पडतात. ब्लाउजच्या आत जे नेहमी घालावयाचे तेच त्या वेळी घातलेले असावे. शेवटची चाचणी लग्नापूर्वी आठ-दहा दिवस ठेवावी. त्याआधी केली तर अंग बदलते, त्यानंतर केली तर दर बदलतो. चाचणीच्या वेळी नुसते आरशापुढे उभे राहून भागत नाही. खाली बसून पाहावे, हात वर करून पाहावेत, वाकून नमस्कार करून पाहावा. मराठी लग्नात नमस्कार किती असतात याची कल्पना परप्रांतीय शिंप्याला नसते, ती त्याला आधी द्यावी.

आणि सामान घेऊन निघताना एक मागणी अवश्य करावी. उतरविलेले दाणे, सितारे, तारेची वेटोळी आणि कापून काढलेली काठाची पट्टी ही सर्व मालकिणीची असतात. बहुतेक ठिकाणी ती झाडूबरोबर जातात, कारण कोणी मागत नाही. ती एका कागदी पुडीत बांधून घ्यावीत आणि पोशाखाच्याच पिशवीत, सुई आणि त्याच रंगाच्या दोऱ्यासह, ठेवावीत. लग्नाच्या दिवशी कोणाच्या तरी पायाखाली घेर आला आणि एखादी लड तुटली, तर त्या छटेची जर त्या दिवशी चौकात शोधत बसावयास घरात कोणालाही सवड नसते.